मोरी, वखार आणि कॅमेरा

'मोलकरीण' म्हटलं की मराठी माणसाला सुलोचनाबाई आठवतात. यशवंत पेठकरांचा 1963 सालचा चित्रपट. मुलाच्याच घरी मोलकरीण होऊन राबणारी आई आणि थिएटरात डोळ्यांना लागलेले पदर. त्या मोलकरणीला जे मोठेपण मिळतं, ते ती आई आहे म्हणून मिळतं. ती नुसतीच मोलकरीण असती, चार घरची धुणीभांडी उरकून संध्याकाळी वस्तीवर परतणारी, तर तिच्यासाठी कुणी रडलं असतं असं वाटत नाही.

1981 साली त्याच नावाची आणखी एक फिल्म झाली. कृष्णधवल, 16 मिलिमीटर, जेमतेम 25 मिनिटांची. तीही मराठीत, आणि तीत पुण्याच्या घरांतून कामं करणाऱ्या खऱ्याखुऱ्या बायका. यातली कुणी कुणाची हरवलेली आई निघत नाही. त्यांना पगारवाढ हवी आहे, हक्काची सुट्टी हवी आहे आणि एका घरचं काम सुटलं तर दुसऱ्या बाईने ते कमी पैशात धरू नये, एवढी एकी हवी आहे. फिल्म दिग्दर्शित केली होती दीपा धनराज यांनी. जन्म हैदराबादचा, मुक्काम बंगळूरचा, मातृभाषा मराठी नाही. मराठी चित्रपटांच्या गप्पांत या 'मोलकरणी'चं नाव मी फार क्वचित ऐकलं आहे. माहितीपट हा चित्रपटच नव्हे, अशी आपली एक समजूत आहे, आणि त्यातही बायकांच्या संघटनेवरचा माहितीपट म्हणजे प्रचार, असं म्हणून विषय मिटतो. या फिल्म्स प्रचारासाठीच काढल्या होत्या, ते त्यांनी कधी लपवलं नाही. मला सांगायचं आहे ते त्यांच्या घडणीबद्दल.

1980 साली दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि नवरोज कॉन्ट्रॅक्टर या चौघांनी 'युगांतर' नावाचा गट सुरू केला. भारतातला हा पहिला स्त्रीवादी चित्रपट-गट मानला जातो. काळ कसा होता? पुण्यात 1975 च्या ऑक्टोबरात संयुक्त स्त्री मुक्ती परिषद भरून गेली होती, 'बायजा' हे स्त्रियांचं नियतकालिक निघत होतं. मथुरा बलात्कार खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने देशभरच्या बायका रस्त्यावर आल्या होत्या. मोर्चे होते, पत्रकं होती, पथनाट्यं होती. चित्रपट नव्हता. थिएटरात मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट सक्तीने बघावा लागे, आणि त्यात धरण असो की देवी रोग, एक खणखणीत पुरुषी आवाज वरून सगळं समजावून सांगत असे. ज्यांच्याबद्दल तो बोले ती माणसं पडद्यावर मुकी वावरत.

युगांतरने हा आवाज बंद केला, आणि ते म्हणावं तितकं सोपं नव्हतं. 16 मिलिमीटरचं चारशे फुटी रीळ कॅमेऱ्यात चढवलं की 11 मिनिटांत संपतं. कच्ची फिल्म महाग, आवाज वेगळ्या यंत्रावर टेपवर घ्यायचा. आता कुणाही कामवाल्या बाईंना त्यांच्या कामाबद्दल विचारून बघा. पहिली 11 मिनिटं 'काय सांगायचं बाई' म्हणण्यात जातात. मग मुलाच्या शाळेचं निघतं, नवऱ्याचं निघतं, आणि तासाभराने, चहा झाल्यावर, एखादी सांगते की त्या घरी तिचा कप वेगळा ठेवतात. हे रिळावर कसं धरणार? त्यावर या गटाने जो मार्ग काढला, तीच पुढे दीपाताईंची शैली झाली. आधी कॅमेऱ्याशिवाय जाऊन बसायचं. ऐकायचं. बायकांबरोबर बसून ठरवायचं की काय दाखवायचं, कोणत्या क्रमाने. आणि मगच रीळ चढवायचं. पैशाची चणचण आणि राजकीय निष्ठा यांनी मिळून एक सौंदर्यदृष्टी घडवली, असं चित्रपटाच्या इतिहासात फार वेळा होत नाही.

'मोलकरीण'मागची घटना अशी. 1980 साली पुण्यात घरकाम करणाऱ्या बायकांनी काम बंद केलं. वरून कुणी हाक दिलेली नव्हती. एका भागातलं लोण दुसऱ्या भागात गेलं आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. घरकामगारांचा संप म्हणजे काय, हे गिरणी संपावर पोसलेल्या आपल्या डोळ्यांना पटकन दिसत नाही. गिरणीला फाटक असतं, भोंगा असतो, फाटकासमोर उभं राहता येतं. घरकामाला फाटक नाही. प्रत्येकीचा मालक वेगळा, प्रत्येकीची मोरी वेगळी, आणि मालक म्हणजे बहुधा दुसरी बाईच. फिल्म हा पेच बरोबर पकडते. काम करणारी बाई एकटी दिसते, बंद घरात, वाकलेली. बोलणारी बाई मात्र घोळक्यात दिसते. एकटीचं काम आणि घोळक्यातलं बोलणं, या दोन चित्रांच्या अदलाबदलीत सगळी गोष्ट आहे. संघटना उभी राहते म्हणजे काय होतं, ते निवेदनाच्या आधी चित्रचौकटीतल्या डोक्यांच्या संख्येवरूनच कळतं.

इथे नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांच्याबद्दल थोडं. 1973 चा मणि कौल यांचा 'दुविधा' ज्यांनी पाहिला असेल त्यांना त्या पांढऱ्या भिंती, स्थिर चेहरे, वाऱ्याचाही आवाज न करणारी ओढणी आठवेल. ते छायाचित्रण याच माणसाचं. 'दुविधा'नंतर आठ वर्षांनी तोच डोळा पुण्यातल्या भांड्यांच्या ढिगाकडे बघतो आहे, आणि ढिगाची दया करत नाही. गरिबी दाखवायची म्हणून कॅमेरा वरून खाली रोखायची एक सवय असते. इथे तो बसलेल्या बाईच्या उंचीला येऊन बसतो. कॉन्ट्रॅक्टर हे दीपाताईंचे पती. 2023 साली रस्ता अपघातात ते गेले, तोवर दीपाताईंच्या बहुतेक महत्त्वाच्या फिल्म्स त्यांनीच टिपल्या.

फिल्ममध्ये सगळंच जमलं आहे असं मी म्हणणार नाही. काही जागी ती पत्रकासारखी बोलते. मागण्यांची यादी ऐकू येऊ लागली की चेहरे मागे सरतात. आणि भांडी घासणारी कोण, स्वयंपाकाला चालणारी कोण, या वाटणीत जात कशी बसलेली असते, याबद्दल मला त्या बायकांकडून आणखी ऐकायचं होतं. पण ही फिल्म कुठे लागली ते बघा. वस्त्यांमधून, प्रोजेक्टर वाहून नेऊन, दुसऱ्या मोलकरणींसमोर. पडद्यावरच्या आणि पडद्यासमोरच्या बायका एकाच कामाच्या. अशा ठिकाणी मागण्यांची यादी कंटाळवाणी वाटत नसणार. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला तो 2008 साली, फिल्मनंतर 27 वर्षांनी.

युगांतरची माझ्या मते सर्वांत श्रीमंत फिल्म मात्र दुसरी, 1982 ची: 'तंबाखू चाकीला ऊब आली'. ही निपाणीची. बेळगाव जिल्हा, राज्य कर्नाटक, आणि बायकांच्या तोंडी कागल-निपाणीकडच्या हेलाची मराठी. निपाणीचं नाव त्या काळी वर्तमानपत्रांत होतं ते शेतकऱ्यांमुळे. 1981 साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवला, एप्रिलमध्ये पोलिसांनी गोळीबार केला, शेतकरी मारले गेले. तंबाखूला भाव हा विषय घरोघरी गेला. पण शेतातून निघालेला तंबाखू विडीत जाण्याआधी एका जागी थांबतो. ती जागा म्हणजे वखार. तिथे हजारो बायका तो चाळत होत्या, निवडत होत्या, काड्या काढत होत्या. त्यांच्या मजुरीचा भाव कुणी विचारत नव्हतं. अनिल अवचटांनी निपाणीवर लिहिलं म्हणून मराठी वाचकाला त्या वखारींची थोडीफार ओळख होती. प्रा. सुभाष जोशी आणि त्यांचे सहकारी या बायकांची युनियन बांधत होते. असंघटित कामगारांच्या त्या काळातल्या मोठ्या चळवळींपैकी ही एक होती.

युगांतरचा गट तिथे चार महिने राहिला. आणि वखारीच्या आत कॅमेरा गेला, जो तोवर कधी गेला नव्हता. ती आतली दृश्यं विसरता येत नाहीत. कृष्णधवल फिल्मवर धूळ कशी दिसते याचा विचार आपण सहसा करत नाही. रंगीत चित्रात तंबाखूचा खकाणा मातकट, जवळजवळ उबदार दिसला असता. इथे तो राखाडी धुकं होऊन हवेत तरंगतो, उजेडाची तिरीप आली की उजळतो, आणि त्यातून नाकातोंडाला पदर बांधलेल्या बायका दिसतात. डोळे तेवढे उघडे. धूळ दिसते म्हणजेच ती श्वासात जाते आहे, हे सांगायला निवेदन लागत नाही. बघणाऱ्याच्याच घशाला ठसका येऊ पाहतो. तोंड बांधलेल्या या बायका कामावर असताना मुक्या दिसतात. वखारीबाहेर, वस्तीत, पदर तोंडावरून सुटलेला असतो आणि बोलणं थांबत नाही. 'मोलकरीण'मधली एकटी आणि घोळका यांची जी अदलाबदल होती, ती इथे बांधलेलं तोंड आणि सुटलेलं तोंड अशी झाली आहे. पहिल्या फिल्मपेक्षा हे पुष्कळ पुढे गेलेलं काम आहे.

यापुढची गोष्ट वादाची आहे. पहिला संप झाला तेव्हा कॅमेरा तिथे नव्हता. मग बायकांनी तो पुन्हा करून दाखवला. माहितीपटात असं करावं का, यावर चित्रपटवाल्यांत वर्षानुवर्षं भांडणं चालली आहेत. घडलेलं तेवढंच दाखवावं, घडवू नये, असं एका बाजूचं म्हणणं. मला या दृश्यांत फसवणूक दिसत नाही, उलट फिल्मचा जीवच तिथे आहे असं वाटतं. आपणच केलेला संप पुन्हा करताना बाई आता त्याकडे बाहेरून बघते आहे. पहिल्या वेळी भीती होती. मालक काढून टाकेल, चूल बंद पडेल. दुसऱ्या वेळी ती भीती माहितीची झालेली आहे, आणि तिच्या हालचालीत एक ऐट आली आहे. फाटकाशी थांबायचं कसं, शेजारणीचा हात धरायचा कसा, हे ती करून बघते, आणि करता करता तिला ते शिकवताही येतं. गावोगावच्या जत्रेत आपल्याच देवाची कथा आपणच सोंग घेऊन करणाऱ्या समाजाला यात नवल वाटायचं कारण नाही. नवल इतकंच की या सोंगात राजा नाही, राक्षस वखारवाला आहे आणि नाटक बसवणाऱ्या बाईला उद्या सकाळी त्याच्याच दारात जायचं आहे.

1983 ची 'इदी कथा मात्रमेना' तेलुगूत आहे. नावाचा अर्थ, ही नुसती गोष्टच आहे का? हैदराबादच्या 'स्त्री शक्ती संघटना' या गटाबरोबर केलेली छोटी काल्पनिक फिल्म. गटातल्या बायकांनी आपापसांत सांगितलेल्या अनुभवांतून कथा बांधली आणि भूमिकाही त्यांनीच केल्या. विषय मध्यमवर्गीय घरातली मारहाण आणि त्याहून जास्त म्हणजे बाईचं आतून विझत जाणं. आज हा विषय मालिकांनी चोथा केलेला आहे, पण तेव्हाचं वर्ष लक्षात घ्या. नवऱ्याकडून आणि सासरकडून होणाऱ्या छळाला गुन्हा ठरवणारं भारतीय दंडसंहितेतलं 498-अ कलम त्याच 1983 च्या अखेरीस आलं. फिल्म होत होती तेव्हा या छळाला कायद्यात वेगळं नावसुद्धा नव्हतं. याच गटाने पुढे तेलंगणाच्या सशस्त्र लढ्यातल्या बायकांच्या आठवणी त्यांच्या तोंडून ऐकून एक महत्त्वाचं पुस्तक काढलं. ऐकण्याची शिस्त दोन्हींकडे एकच. 1983 सालीच गढवालच्या चिपको आंदोलनातल्या एका बाईवर 'सुदेशा' झाली आणि युगांतरचं काम थांबलं. चार फिल्म्स, तीन वर्षं. आभा भैया पुढे दिल्लीच्या 'जागोरी'च्या संस्थापकांपैकी एक झाल्या.

गट थांबला तरी पद्धत थांबली नाही. 1986 ची 'क्या हुआ इस शहर को?' हैदराबादच्या 1984 च्या दंगलींवर आहे. धार्मिक मिरवणुका, नेत्यांची भाषणं आणि संचारबंदीत अडकलेली घरं एकाच फिल्ममध्ये इतक्या लवकर, इतक्या थंड डोक्याने कुणी मांडल्याचं मला आठवत नाही. पण त्यावर सविस्तर लिहायचं तर वेगळा लेख हवा.

'समथिंग लाइक अ वॉर' (1991) ही दीपाताईंची सगळ्यांत गाजलेली फिल्म. ब्रिटनच्या चॅनेल फोरसाठी केलेली, भारताच्या कुटुंबनियोजन कार्यक्रमावर. सरकारी पातळीवरचा असा कार्यक्रम 1952 मध्ये सुरू करणारा आपला देश पहिला. आणीबाणीत पुरुषांच्या सक्तीच्या नसबंदीने सरकार पडलं. महाराष्ट्र विधिमंडळाने तर 1976 साली सक्तीचं विधेयकच मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते बारगळलं. त्यानंतर कार्यक्रमाने पुरुषांचा नाद सोडला आणि तो बायकांकडे वळला. बायका रस्त्यावर येऊन सरकार पाडणार नव्हत्या.

फिल्ममध्ये शस्त्रक्रियेचं शिबिर आहे. बायका रांगेने येतात, टेबलावर चढवल्या जातात, उतरवल्या जातात. डॉक्टरसाहेब दुर्बिणीची शस्त्रक्रिया काही सेकंदांत उरकतात आणि आपल्या वेगाबद्दल कॅमेऱ्याशी अभिमानाने बोलतात. दुसऱ्या कुणी इथे एखादा तिखट प्रश्न विचारला असता. इथे कुणी अडवत नाही. त्यांना हवं तितकं बोलू दिलं जातं, आणि ते बोलत राहतात. ऐकण्याचं शस्त्र दीपाताई पहिल्यांदाच उलट बाजूला वापरतात. ज्या धीराने पुण्यातल्या मोलकरणीचं ऐकलं, त्याच धीराने या माणसाचं ऐकलं की तो स्वतःच स्वतःबद्दलची साक्ष देतो. टेबलावरच्या बाईचा चेहरा आणि डॉक्टरांचं बोलणं एकाच दृश्यात आहे. मधे संकलकाची कात्री आली असती तर आपण सुटलो असतो.

या शिबिराच्या समोर फिल्म दुसरी एक जागा ठेवते. बायका गोल करून बसल्या आहेत. बाईच्या शरीराची आकृती काढली आहे आणि त्या तिच्यात एकेक गोष्ट भरत आहेत. पाळी, गर्भ, सुख. हसणं चालू आहे, चेष्टा चालू आहे, मधेच एखादीचा आवाज खाली येतो. शिबिरातलं शरीर म्हणजे लक्ष्यांकातला एक आकडा. इथलं शरीर त्या स्वतः रेखाटत आहेत, चुकतमाकत, खोडत. वेळेचा हिशेबही दोन्हींकडे उलटा आहे. तिथे सेकंद, इथे अख्खी दुपार. संकलनात ही दोन दृश्यं जवळ आली की भाष्याची गरज उरत नाही, आणि जिथे भाष्य येतं तिथे मला ते थोडं जास्तच वाटतं. परदेशी प्रेक्षकासाठी बरंच काही उलगडून सांगावं लागलं असणार. लक्ष्यांकांची पद्धत सरकारने 1996 मध्ये कागदोपत्री बंद केली. 2014 च्या नोव्हेंबरात छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका डॉक्टरने काही तासांत 83 बायकांच्या शस्त्रक्रिया केल्या आणि डझनाहून अधिक जणी दगावल्या. ती बातमी वाचताना ज्यांनी ही फिल्म पाहिली होती त्यांना रांग, टेबल आणि डॉक्टरांचा हसरा चेहरा आठवला नसेल तरच नवल.

दीपाताईंनी शिकवलंही. महिला गटांना, विद्यार्थ्यांना त्या व्हिडिओचं तंत्र आणि विचार शिकवत आल्या. त्यांचं शिकवणं आणि त्यांचं चित्रपट करणं यांत मला फार अंतर दिसत नाही. वर्गातही माणसं बसवायची, बोलतं करायचं, आणि बोलण्याला आकार येईपर्यंत घाई करायची नाही. 2011 च्या 'इन्व्होकिंग जस्टिस'मध्ये तर एक वर्गच भरलेला असावा असं वाटतं. तमिळनाडूत मुस्लिम पुरुषांच्या जमातीत, म्हणजे समाजाच्या पंचायतीत, बाईच्या तलाकाचा, पोटगीचा निवाडा होई आणि तिला आत यायला बंदी असे. म्हणून 2004 साली बायकांनी आपली वेगळी जमात काढली. सतरंजीवर बसलेल्या या बायका कागद तपासतात, उलटतपासणी घेतात, एखाद्या तक्रारदार बाईलाही खडसावतात. त्या धर्म सोडत नाहीत, धर्मातल्या निवाड्याची खुर्ची मागतात. दिग्दर्शिका त्यांना पुरोगामी असल्याचं प्रशस्तिपत्र देत नाही आणि काढूनही घेत नाही. स्त्रीवादी फिल्ममध्ये हा संयम दुर्मीळ आहे.

2018 च्या 'वी हॅव नॉट कम हिअर टु डाय'कडे मी पुन्हा पुन्हा वळतो ते या संयमाची कसोटी तिथे लागते म्हणून. 17 जानेवारी 2016 रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला या दलित संशोधकाने आत्महत्या केली. त्यानंतर देशभर उसळलेल्या आंदोलनाची ही फिल्म. इथे कुणाला बोलतं करायची गरजच नाही. मुलंमुली आधीपासून बोलत आहेत, उत्तम बोलत आहेत, त्यांच्या हातात मोबाइल आहेत आणि आपलं चित्रण ती आपणच करत आहेत. निपाणीत चार महिने बसून जे मिळवावं लागलं ते इथे पहिल्याच दिवशी हजर. मग दिग्दर्शिकेला काम काय उरलं? पासष्टीच्या उंबरठ्यावरच्या दीपाताई इथे जवळजवळ विद्यार्थिनीसारख्या मागच्या रांगेत बसतात. जातीबद्दल जे 'मोलकरीण'मध्ये अर्धवट राहिलं असं मला वाटतं, ते इथे वसतिगृहाच्या खोलीपासून कुलगुरूंच्या कार्यालयापर्यंत उघडपणे बोललं जातं, आणि बोलणारे संशोधक स्वतःच्या अनुभवाचं विश्लेषण स्वतःच करतात. कुणाच्या वतीने कुणी बोलत नाही. फिल्म लांब आहे, पावणेदोन तासांहून जास्त, आणि काही भाषणं कापता आली असती असं पहिल्यांदा बघताना वाटतं. रोहितची आई राधिका वेमुला बोलू लागतात तेव्हा मात्र हा सैल वेळ कामी येतो. शिलाई करून मुलांना वाढवलेली ही बाई सभेत उभी राहते, आणि तिचं बोलणं आटोपतं घ्यायला फिल्म तिला कुठेही लावत नाही.

युगांतरच्या फिल्म्स बर्लिनच्या 'आर्सेनल' या संस्थेने अलीकडच्या काळात डिजिटल रूपात जतन केल्या आहेत. त्यांपैकी दोन मराठीत आहेत. पुण्यात आणि निपाणीत त्या पुन्हा लागाव्यात. इंग्रजी उपशीर्षकांची तिथे कुणाला गरज पडणार नाही.